दगडाने साक्ष द्यावी

१९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्र सरकारने राज्यभर सुमारे दोनशे हुतात्मा स्मारके बांधली. कल्पना मोठ्या मनाची होती. राजधानीत एखादे भव्य शिल्प उभारायचे आणि मोकळे व्हायचे, ही सरकारांची नेहमीची रीत. इथे मात्र ज्या गावाने माणसे गमावली त्याच गावात, बहुधा रस्त्यालगत, स्मारक उभे राहिले. स्वातंत्र्याचा लढा मुंबई-पुण्याच्या सभांपुरता नव्हता, तो मामलेदार कचेरीच्या दारात, जंगलाच्या हद्दीवर आणि बाजारपेठेच्या चौकातही लढला गेला, हे त्यातून आपोआप मान्य झाले. आज या स्मारकांविषयी वर्तमानपत्रांत छापून येते ते त्यांच्या दुरवस्थेबद्दल: दाराला कुलूप, खिडक्यांची तावदाने फुटलेली, आवारात गवत माजलेले. मग निधी मंजूर होतो, रंगरंगोटी होते, ऑगस्टात झेंडावंदन होते आणि पुन्हा गवत वाढते. ही तक्रार खरी आहे, पण माझ्या मते ती दुय्यम आहे. मुख्य उणीव नीट राखलेल्या स्मारकातही तशीच असते. परगावचा माणूस तिथे थांबला तर त्याला नावे दिसतात, अमर, वीर, बलिदान हे शब्द दिसतात. पण त्या दिवशी तिथे काय घडले, लोक कशासाठी जमले होते, गोळीबाराचा हुकूम कोणी दिला, मेलेली माणसे कोण होती आणि हे सगळे आपल्याला कशावरून ठाऊक आहे, यातले फारसे काही बहुतेक ठिकाणी कळत नाही. आपण स्मारके हात जोडण्यासाठी बांधली, वाचण्यासाठी बांधली नाहीत. रस्त्याकडेच्या स्मारकाचे पहिले काम साक्ष देण्याचे आहे. साक्ष नेमकी असावी लागते, तिला आधार असावा लागतो, आणि साक्षीदाराला आपण कोण तेही सांगावे लागते. आदर त्यानंतरचा, आणि तो अशा साक्षीतूनच उपजतो.

चिरनेरचे उदाहरण घेऊ. उरण तालुक्यातल्या या गावाजवळ, अक्कादेवीच्या रानात, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. सरकारने राखीव केलेल्या रानातले सरपण, गवत आणि गुरांची चराई यांवरचे निर्बंध शेतकऱ्याला आणि आदिवासीला मिठाच्या कराइतकेच, किंबहुना अधिक, जाचत होते. म्हणून त्याच वर्षी जुलैत लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगलाचा कायदा मोडला, शिराळ्याकडच्या बिळाशीत तो मोडला गेला, आणि चिरनेरला पंचक्रोशीतली माणसे कोयते-कुऱ्हाडी घेऊन रानात शिरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता, रघुनाथ न्हावी होता, आलू म्हात्रे होता, रामा कोळी होता. ही नावे ओळीने वाचली की गावगाड्यातले किती थर त्या दिवशी एकत्र रानात उतरले होते ते समजते; कातकऱ्याला त्या रानाचा हक्क म्हणजे काय होता, हा प्रश्न मनात येतो. आणखी एक गोष्ट आहे. त्या दिवशी मामलेदार जोशींसह सरकारी बाजूचीही माणसे मरण पावली. हे वाक्य ऐकले की प्रसंगाचा आकारच बदलतो. मामलेदार तिथे का गेले होते, ते कोणाच्या हातून मेले, पुढे खटला कोणावर आणि कोणत्या कलमाखाली चालला, हे विचारावेसे वाटते. नुसती आठ नावे आणि एक तारीख एवढ्यावर स्मारक थांबले, तर यांपैकी एकही प्रश्न वाटसरूच्या मनात उठत नाही. चिरनेरच्या लोकांनी ही आठवण जिवंत ठेवली आहे, दर सप्टेंबरात ते हुतात्म्यांना अभिवादन करतात. गावाला सगळे ठाऊक आहे. पण रस्त्याकडेचा दगड गावासाठी नसतो. गावाला तो नसला तरी चालतो. तो त्या रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी आणि अजून जन्माला न आलेल्या गावकऱ्यासाठी असतो.

तपशील गाळला की काय हरवते याचे दुसरे उदाहरण वडूज आणि नंदुरबारचे आहे. साताऱ्याच्या माणदेशातले वडूज आणि खानदेशातले नंदुरबार यांच्यात शेकडो किलोमीटरचे अंतर. वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती, सगळी शाळकरी वयाची मुले, गोळ्यांना बळी पडली. दोन्हीकडची तारीख एकच: ९ सप्टेंबर १९४२. गांधीजींना आणि काँग्रेसच्या नेत्यांना मुंबईत अटक झाली त्याला त्या दिवशी बरोबर महिना झाला होता. नेते तुरुंगात, आणि तरीही तो दिवस लक्षात ठेवून इतक्या लांबलांबच्या गावांतली माणसे रस्त्यावर उतरली, याचा अर्थ निरोप पोचवणारे एक जाळे गावागावांत विणलेले होते. वडूजच्या पाटीवर नंदुरबारचा आणि नंदुरबारच्या पाटीवर वडूजचा एका ओळीत उल्लेख असला, तर वाचणाऱ्याला चळवळ दिसेल. आज त्याला सुटी सुटी बलिदाने दिसतात.

नेमके लिहिणे आपल्याला जमत नाही असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. कोणत्याही गावातली कोनशिला पाहा. काम कोणत्या योजनेतून झाले, कोणाच्या शुभहस्ते भूमिपूजन झाले, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख पाहुणे कोण, सरपंच, उपसरपंच आणि ग्रामसेवक कोण, तारीख आणि वार कोणता, हे सारे काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत कोरलेले असते. रस्त्याच्या कामाच्या फलकावर लांबी, अंदाजपत्रकी रक्कम, ठेकेदाराचे नाव आणि दोषदायित्वाचा कालावधी असतो. म्हणजे कोणी, कधी, कशासाठी, किती, हे चार प्रश्न सार्वजनिक दगडावर सोडवण्याची सवय आपल्या यंत्रणेला पुरेपूर आहे. पुरातत्त्व खात्याचा निळा फलकही तसाच नेमका. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ चा हवाला त्यावर असतो. नुकसान करणाऱ्याला २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि भोवतीच्या शंभर मीटरांत बांधकामाला मनाई, हे तो बजावून सांगतो. पण बऱ्याच ठिकाणी त्या लेण्याचे किंवा देवळाचे वय काय, ते कोणी खोदले किंवा बांधले, हे सांगणारी ओळ शोधावी लागते. कायद्याचा धाक आवश्यक आहे. पण आपण काय राखायचे ते ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याला दंडाचा आकडा दाखवून राखण करायला लावता येत नाही. इतिहास सांगण्याच्या बाबतीत आपण ढिले पडतो याचे कारण एकच: तो सांगणे हे कोणाचेच काम म्हणून ठरलेले नाही.

आपल्या परंपरेत मात्र वाचण्यासाठी दगड कोरण्याची रीत जुनी आहे. सोलापूरजवळ भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे गाव आहे. तिथल्या देवळात आनंद कुंभार यांना सापडलेला शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी. त्याच्या अखेरीस आशीर्वाद आहे, आणि तो दगडापुढे माथा टेकणाऱ्याला दिलेला नाही. जो हे वाचील तो विजयी होईल, असे तिथे म्हटले आहे. हजार वर्षांपूर्वी अक्षर येणारी माणसे किती थोडी होती, तरी लिहविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाचक होता. गावोगावच्या गधेगळीही तशाच. जमीन कोणाला दिली, कोणी दिली, कोण साक्षी होते हे नोंदून मोडणाऱ्याला शाप देणारे ते दगड म्हणजे त्या काळचे कायद्याचे जाहीर कागद. उलट वीरगळींचे पाहा. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गुरे वाचवताना पडलेला वीर; मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा; वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ज्या पिढीने तो दगड उभा केला तिला हा माणूस कोण ते माहीत होते. बहुतेक वीरगळींवर अक्षर नाही, म्हणून ती पिढी गेल्यावर माणूसही गेला. आज अनेक गावांत त्याच दगडाला शेंदूर लागलेला दिसतो. कोणी त्याला भैरोबा म्हणतो, कोणी नुसताच देव. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळींवर समुद्रातली लढाई इतकी बारकाईने कोरली आहे की वल्ह्यांची रांग दिसते, गलबतांचे निमुळते नाळ दिसतात. पण ती लढाई कोणाची? बरेच अभ्यासक तिचा संबंध तेराव्या शतकातल्या यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या झुंजीशी जोडतात, काही जण ती शिल्पे त्याहून जुनी मानतात. मराठी मुलुखातला आरमारी लढाईचा हा इतका जुना आणि इतका देखणा पुरावा, आणि त्यातल्या एकाही माणसाचे नाव खात्रीने सांगता येत नाही. भक्ती टिकली, माहिती बुडाली. आपली हुतात्मा स्मारके त्याच वाटेने चालली आहेत, हे मला या लेखात सर्वांत कळकळीने सांगायचे आहे.

नावे कोरली तर काय होते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला भीमा नदीच्या काठी पुणे-नगर रस्त्यावर उभा आहे. कोरेगाव भीमाचा जयस्तंभ कंपनी सरकारने उभारला, तो १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पेशव्यांच्या मोठ्या सैन्यापुढे टिकून राहिलेल्या आपल्या तुकडीच्या गौरवासाठी. हेतू साम्राज्याचा होता, भाषा साम्राज्याची होती. पण त्या स्तंभावर पडलेल्या ४९ सैनिकांची नावे कोरली गेली, आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता त्यांची नावे एका सरकारी दगडावर, सरळ रस्त्याच्या कडेला, शंभराहून अधिक वर्षे उभी राहिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. इंग्रजांनी कल्पनाही केली नसेल असा अर्थ त्या स्तंभाला मिळाला: लढण्याची लायकी नाही म्हणून ज्यांना पुढे सैन्यभरतीतून वगळले गेले, त्यांच्या लायकीचा लेखी पुरावा. कंपनीने स्तंभावर ‘अमुक अधिकारी व इतर शिपाई’ एवढेच कोरले असते, तर हा अर्थ काढायला जागाच उरली नसती. उभारणाऱ्याचा हेतू काळाबरोबर विरतो. कोरलेला तपशील मागे राहतो आणि पुढच्या पिढ्यांना स्वतःचे प्रश्न विचारू देतो. म्हणून स्मारक उभारताना आपला हेतू मोठ्या अक्षरांत लिहिण्यापेक्षा तपशील जपून लिहिणे अधिक महत्त्वाचे.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. हुतात्म्यापुढे मान लववायची असते, तिथे तळटिपा कसल्या जोडता, असे विचारले जाईल. मुंबईच्या हुतात्मा चौकात हाती मशाल घेतलेला कामगार आणि शेतकरी उभे आहेत. त्यांच्याकडे पाहिल्यावर आणखी काही सांगण्याची गरजच काय? गरज आहे, आणि ती तिथेच जास्त आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात किती जण बळी पडले, या प्रश्नाला १०५, १०६ आणि १०७ अशी तीन उत्तरे आजही भाषणांतून ऐकू येतात. ज्यांच्या बलिदानातून राज्य झाले म्हणायचे त्यांची मोजदाद एकवाक्यतेने करता येऊ नये, ही श्रद्धेला शोभणारी गोष्ट नाही. यादी कशी झाली, नंतर कोणते नाव का वाढले, हे तिथेच लिहिले तर आकडा दर वेळी हलणार नाही. दुसरी गोष्ट अधिक अवघड. चिरनेरला गोळी झाडणारे सरकार परके होते, ते लिहिताना हात अडखळत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात, फ्लोरा फाउंटनपाशी, गोळीबार झाला तेव्हा देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे झाली होती, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते आणि पोलीस आपलेच होते. स्वतःच्या सरकारने स्वतःच्या माणसांवर गोळी चालवली, हे लिहिणे लोकशाहीला झेपले पाहिजे. ते वगळून नुसते बलिदान म्हटले की त्या मृत्यूंना कारणच उरत नाही. जणू ती माणसे एखाद्या नैसर्गिक आपत्तीत गेली. अशा मौनाने हुतात्म्यांचा मान वाढत नाही, त्यांनी ज्याला विरोध केला तेवढे झाकले जाते.

दुसरा आक्षेप जास्त भेदक आहे: पाट्यांवरून डोकी फुटतात. हे खरे आहे, आणि त्याची आठवण ताजी आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस, कोरेगाव भीमापासून जवळच असलेल्या वढू बुद्रुक येथे, छत्रपती संभाजी महाराजांच्या अंत्यसंस्कारांशी गोविंद गोपाळ यांचा संबंध सांगणाऱ्या फलकावरून तणाव झाला, त्यांच्या समाधीची नासधूस झाली, आणि १ जानेवारी २०१८ ला भडकलेल्या हिंसेआधीचे ते दिवस होते. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळचा वाघ्या कुत्र्याचा पुतळा २०१२ मध्ये उखडून टाकला गेला आणि पुन्हा बसवला गेला; तो वाद अजून मिटलेला नाही. पुण्याच्या लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा २०१० च्या डिसेंबरात हलवला गेला. तेव्हा प्रश्न असा की इतक्या ज्वालाग्राही प्रदेशात आणखी पाट्या कशाला? माझे उत्तर असे की या तिन्ही वादांत भांडण तपशिलामुळे झाले नाही. भांडण झाले ते पाटी किंवा पुतळा निर्णायक सत्याच्या थाटात उभा होता आणि त्याचा आधार तिथे सांगितलेला नव्हता म्हणून. वाघ्याचेच घ्या. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. ते शिल्प विसाव्या शतकातले आहे, लोककथेतून आणि रंगभूमीवरून रुजलेल्या एका भावनेतून आणि होळकर संस्थानच्या देणगीतून आले आहे. हे सगळे चार ओळींत त्या चौथऱ्यावर लिहिले असते, तर पुतळा शिवकालाचा साक्षीदार असल्याचा दावा राहिला नसता आणि त्याला उखडण्याचे निमित्तही राहिले नसते. तो स्वतःच्या काळाचा, म्हणजे विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने शिवाजी महाराजांवर कसे प्रेम केले याचा, खरा साक्षीदार झाला असता. प्रत्येक स्मारकाला दोन तारखा असतात: घटनेची आणि उभारणीची. आपण पहिलीच सांगतो. दुसरीही सांगितली, उभारणारा कोण तेही सांगितले, ‘असे परंपरा सांगते’ आणि ‘असे अमुक कागदात आहे’ हा फरक स्पष्ट केला, तर लोकांना दगडाशी वाद घालायला कागदाचा मार्ग मिळतो. मग घण उचलण्याची गरज कमी होते. गरज संपेल असे मी म्हणत नाही. काही माणसांना सत्यच नको असते. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा १९५५ साली खून झाला. त्याचे प्रेत जिथे सापडले तिथली पाटी पुन्हा पुन्हा चोरीला गेली, गोळ्यांनी चाळण झाली. शेवटी २०१९ मध्ये गोळी न भेदू शकणारी जाड पोलादी पाटी बसवावी लागली. तिथल्या लोकांनी पाटी गुंडाळली नाही, जाड केली.

रस्त्यावरच्या दगडाचे सगळे बळ तो जिथे आहे त्या जागेत असते, आणि नेमके तिकडेच आपले दुर्लक्ष आहे. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग तिथेच पडला. आज गाडी त्या सीमेवरून सरळ निघून जाते. तिथे कधी परक्या देशाची हद्द होती, ती ओलांडणे म्हणजे मृत्यूला सामोरे जाणे होते, हे ज्ञान त्या जागेवरच मिळायला हवे. पणजीतल्या संग्रहालयात ते मिळाले तर ते निराळे ज्ञान असते. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचे अंतर रोमन आकड्यांत सांगणारे मैलाचे दगड होते. त्यांतले काही पदपथाची उंची वाढत गेल्याने निम्मे जमिनीत गाडले गेले होते, काही अलीकडे वर काढून दुरुस्त झाले. असा दगड चार हात सरकवला तर शोभेला बाधा येत नाही, पण तो खोटे बोलू लागतो. महामार्गांचे चौपदरीकरण चालू आहे, आणि रुंदीकरणात वीरगळ, गधेगळ, जुनी पाणपोई, शिलालेखाचा तुकडा बाजूला काढून कुठल्याशा देवळाच्या आवारात टेकवला जातो. मूळ जागेची नोंद कुठेच राहत नाही. झाड तोडायला परवानगी लागते, विजेचा खांब हलवायचा तर अंदाजपत्रकात त्याचा वेगळा रकाना असतो. जुना कोरीव दगड हलवायचा असेल तर छायाचित्र, अक्षांश-रेखांश आणि तालुक्याच्या दप्तरी नोंद यांचाही तसाच रकाना असावा. याला फार पैसे लागत नाहीत.

जागेचे मोल आणि शब्दांचा संयम या दोन्हींचा धडा लंडनमध्ये मिळतो, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. तिथे घरांवर पाट्या लावण्याची योजना १८६६ पासून चालत आली आहे. आज त्यासाठी व्यक्तीच्या मृत्यूला वीस वर्षे झालेली असावी लागतात आणि तिच्याशी संबंधित वास्तू उभी असावी लागते. हॉवली प्लेसमधल्या एका घरावर लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले अशी पाटी आहे. किंग हेन्रीज रोडवरच्या घरावर डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले अशी. दुसरे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, कार्य, इथे केव्हा राहिले, बस्स. एवढ्याने तिथला वाटसरू थबकतो, कारण ‘इथे’ हा शब्द त्याला खोटा वाटत नाही. आणि वीस वर्षांच्या अटीमागचे शहाणपणही घेण्यासारखे आहे: चितेची आग विझण्याआधीच चौकाला नाव देण्याची आपल्याकडची घाई त्यामुळे आपोआप थांबते.

आता सर्वांत सोपा वाटणारा आक्षेप: हातात मोबाइल असताना दगड हवा कशाला? एका टिचकीसरशी सगळी माहिती मिळते. मिळते, पण विचारणाऱ्याला. वडूजहून जाणाऱ्या मुलाला तिथे काय झाले होते हे माहीतच नसेल तर तो मोबाइलला विचारणार काय? दगड न विचारता सांगतो, हेच त्याचे वैशिष्ट्य. तो अर्थात अशा जागी हवा जिथे माणूस उभा राहतो: एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीशेजारी, बाजाराच्या तोंडाशी, शाळेच्या फाटकाजवळ. ताशी ऐंशीच्या वेगाने गाड्या धावतात तिथे दहा ओळींचा फलक लावणे हे वाचकाला गृहीत न धरल्याचे लक्षण आहे. दगडावर अधिक माहितीसाठी मोबाइलचा चौकोनी संकेत जरूर कोरावा. पण त्यामागचे पान पाच वर्षांनी उघडेनासे होईल हे धरून चालावे आणि मुख्य मजकूर कोरीव अक्षरांतच ठेवावा. अक्षरे मराठीत असावीत आणि आदिवासी भागात तिथल्या बोलीतही. नाग्या कातकरीच्या पाड्यावरच्या मुलाला त्याच्या घरच्या बोलीत ते वाचता यावे, एवढी अपेक्षा फार नाही.

मजकूर लिहायचा कोणी, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे. समितीने लिहिला की तो बेचव होतो, पक्षाने लिहिला की प्रचार होतो. मला वाटते की लेखकाचे नाव कोरणे हा यावरचा निम्मा उपाय आहे. ज्याला आपली सही दगडावर राहणार हे माहीत आहे तो विशेषणे हात राखून वापरतो. साहित्याची वानवा नाही. जिल्ह्यांची गॅझेटियर आहेत, खटल्यांची कागदपत्रे आहेत, त्या वेळची वृत्तपत्रे आहेत, मुंबईच्या पुराभिलेखागारात सरकारी दप्तरे आहेत, आणि प्रत्येक तालुक्यात आयुष्यभर स्थानिक इतिहास गोळा केलेला एखादा निवृत्त शिक्षक असतोच. त्यांना एकत्र बसवून शंभर-सव्वाशे शब्दांचा मजकूर करून घ्यायचा, तो वर्षभर ग्रामसभेपुढे आणि अभ्यासकांपुढे हरकतींसाठी ठेवायचा आणि मग कोरायचा. हरकती येतील. पोलिसांच्या दप्तरातली संख्या आणि गावाच्या आठवणीतली संख्या जुळणार नाही. तेव्हा दोन्ही लिहाव्यात. स्त्रियांचा प्रश्न तर आणखी मोठा आहे. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, घरावर जप्ती आल्यावर संसार सावरणाऱ्या बाया गोळीने मेल्या नाहीत म्हणून हुतात्म्यांच्या यादीत नाहीत. आणि आपली स्मारके मृत्यूचीच असल्यामुळे त्या कुठेच नाहीत. काय घडले ते सांगायचे ठरवले तर त्यांच्यासाठी जागा करावीच लागेल, कारण त्यांच्याशिवाय साताऱ्यात भूमिगतांनी चालवलेल्या प्रतिसरकारचे एक वर्षही सांगता येत नाही. पाण्याला पैसे नाहीत तिथे पाट्यांना कुठून आणायचे, असेही विचारले जाईल. ज्या स्मारकांच्या डागडुजीवर पुन्हा पुन्हा खर्च होतोच आहे, त्याच खर्चातला छोटा वाटा पुरे. नवी वास्तू कोणी मागत नाही.

काळ मात्र थोडा आहे. २० मार्च २०२७ ला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात, २०३० मध्ये मिठाच्या आणि जंगल सत्याग्रहाला. १९४२ प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. १९३० पाहिलेले जवळजवळ कोणी उरले नाही, त्यांच्याकडून ऐकलेली मुले-नातवंडे आहेत. शताब्दी आली की मंडप पडतील, भाषणे होतील, निधी जाहीर होतील, आणि घाईघाईने बसवलेल्या नव्या फलकांवर जुनीच विशेषणे येतील. ते टाळायचे तर काम आत्ता सुरू व्हायला हवे, आणि ते चिरनेरपासून करता येईल. खटल्याचे कागद मुंबईतून काढून गावासमोर वाचावेत, आठ घरांत काय सांगितले जाते ते लिहून घ्यावे, मामलेदारांच्या मृत्यूविषयीची प्रत्येक हकिकत तिच्या आधारासह मांडावी, आणि २५ सप्टेंबर २०३० च्या सकाळी अक्कादेवीच्या वाटेवर जो फलक उघडायचा त्याचा पहिला मसुदा २०२८ च्या आत ग्रामसभेत हरकतींसाठी लावावा.